सहा महिने बरे गेले

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या लेखन शिबिरात पहिल्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

आत्ता ओळखी करून घेताना तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच तक्रार केली. सांगण्यासारखं खूप आहे, पण लिहायला बसलं की त्याचा रिपोर्ट होतो. ही तक्रार माझीही आहे, म्हणून आज मी तज्ज्ञ म्हणून बोलत नाही. सल्ला केंद्रात वीस-बावीस वर्षं बसून मी शेकडो केस-पेपर लिहिले आणि त्या सवयीतून बाहेर पडून गोष्ट लिहिताना माझी कशी फजिती झाली, ते सांगणार आहे. त्या फजितीतून मला थोडंफार बाहेर काढलं ते चांगल्या कादंबऱ्यांनी. त्याही पहिल्यांदा वाचल्या तेव्हा नाही, दुसऱ्यांदा वाचल्या तेव्हा.

आधी फजिती. आमच्या केंद्रात एक बाई यायची. नवरा मारायचा, सासरा शेत नावावर करू द्यायचा नाही, माहेरचे दार लावून घ्यायचे. आपल्याला पाठ असलेलं सगळं. दोन वर्षं तिची केस चालली. ती माझ्या मनातून जाईना, म्हणून तिला विचारून, नाव-गाव बदलून मी तिच्यावर कथा लिहिली. ती एका दिवाळी अंकात छापूनही आली. चळवळीतल्या मैत्रिणींनी कौतुक केलं. मग मला वाटलं, जिची गोष्ट आहे तिला ती वाचून दाखवली पाहिजे. ऑफिसात सतरंजीवर बसून मी अख्खी कथा वाचली. तिने डोक्यावरचा पदर सारखा करत शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "ताई, समदं खरं लिवलंय तुमी. पन ह्यी बाई निस्ती रडतीच की ओ. त्या साली म्या दोन शेळ्या घेतल्या व्हत्या, त्या कुटं गेल्या?"

शेळ्या मला माहीत होत्या. नवऱ्याला पत्ता लागू न देता भिशीच्या पैशातून तिने त्या घेतल्या होत्या आणि शेजारणीच्या गोठ्यात बांधल्या होत्या. तिने मला ते हसत हसत सांगितलं होतं. मी मात्र ते केस-पेपरमध्ये लिहिलं नाही, कारण कोर्टाच्या कामाचं नव्हतं. कथेतही लिहिलं नाही, कारण माझ्या मनात कथा म्हणजे अत्याचार, आणखी अत्याचार आणि शेवटी संघटनेकडे वळणारी पावलं. तिचं आयुष्य मी घेतलं आणि त्यातून तिलाच वगळलं. पोलीस पंचनाम्यात बाईचं म्हणणं येत नाही म्हणून आपण मोर्चे काढतो. माझ्या कथेत तरी ते कुठे आलं होतं?

त्यानंतर बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. वाचत मात्र होते. त्या काळात हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' पुन्हा हातात आली. ही कादंबरी आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली आणि १८९३ साली तिचं पुस्तक झालं. 'करमणूक' निघालं १८९० मध्ये. तेव्हा संमतिवयाचा वाद पेटलेला होता. १८९१ साली कायदा होऊन मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. सभा, व्याख्यानं, वर्तमानपत्रं, सगळीकडे दोन्ही बाजूंचे युक्तिवाद चालले होते. युक्तिवाद आपट्यांच्या कादंबरीतही आहेत. पण सव्वाशे वर्षांनंतर ते आपल्याला आठवत नाहीत. आठवते ती यमू.

असं का व्हावं, हे शोधण्यासाठी मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, सांगते आहे स्वतः यमू. ती वकील नाही, सुधारक नाही. लहानपणची भांडणं, दादाशी असलेलं सख्य, घरातल्या मोठ्यांची भीती, असं तिला आठवेल तसं ती सांगत जाते. केशवपनाचा तो भयंकर प्रसंग पुष्कळ उशिरा येतो. आणि त्याच्या आधी काय आहे? मुंबईचे दिवस आहेत. नवरा तिला माणूस म्हणून वागवतो, ती वाचते, चारचौघांत बोलायला शिकते. सुखाचे दिवस आहेत, आणि लेखकाने ते घाईने उरकलेले नाहीत. आपण तिच्याबरोबर त्या घरात राहतो. म्हणून नवरा गेल्यावर आणि पुढे तिच्यावर जबरदस्ती झाल्यावर काय हिरावलं गेलं ते आपल्याला नेमकं ठाऊक असतं.

आता आपल्या केस-पेपरमधलं एक वाक्य आठवा. प्रत्येक कागदावर ते असतंच: 'लग्नानंतर सहा महिने बरे गेले.' पूर्णविराम. पुढे मारहाणीच्या तारखा. मैत्रिणींनो, ते सहा महिने बरे गेले म्हणजे काय झालं? कुठे राहत होते? सकाळी आधी कोण उठायचं? तो तिला कोणत्या नावाने हाक मारायचा? जत्रेला गेले होते का, तिने काय विकत घेतलं? रिपोर्टला हे लागत नाही, आणि त्यात रिपोर्टची चूक नाही, कारण त्याचं काम वेगळं आहे. पण गोष्टीला तेच लागतं. आपण ज्या ओळीवरून पुढे सरकतो, तिथे आपट्यांनी मुक्काम केला आहे. ती बाई पुन्हा पुन्हा त्या घरी का जाते, असं बाहेरचे लोक आपल्याला विचारतात. त्याचं उत्तर त्या सहा महिन्यांत असतं.

तेव्हापासून मी एक युक्ती करते, ती तुम्हीही करून बघा. कादंबरी वाचून झाली की पुस्तक मिटायचं आणि तिचा गोषवारा पाच वाक्यांत लिहायचा. मुलीचं लहानपणी लग्न झालं, नवरा चांगला निघाला, तो वारला, सासरच्यांनी छळ केला, जबरदस्तीने केशवपन केलं. झाली पाच वाक्यं. हा झाला रिपोर्ट. आता पुस्तक पुन्हा उघडायचं आणि या पाच वाक्यांत काय काय मावलं नाही ते शोधायचं. जे मावलं नाही, तीच कादंबरी. लिहिण्याचं कसब तिथे आहे आणि शिकायचं आहे ते तिथूनच.

दुसरं पुस्तक सांगते, उद्धव शेळके यांची 'धग'. १९६० साली आली. विदर्भातल्या गरीब शिंप्याच्या घरची बाई, कौतिक. नवरा महादेव कर्तृत्वाने कच्चा, पुढे त्याला महारोग होतो. पोरांना मोठं करायचं म्हणून ही बाई झिजत राहते. पाच वाक्यांत सांगितलं तर सोशिक भारतीय नारीची कहाणी वाटेल. पण वाचून बघा. कौतिक भांडते, टोचून बोलते, हट्टाला पेटते, चुकते. तिचा आपल्याला कधी कधी रागही येतो. लेखकाने तिला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, आणि महादेवालाही राक्षस केलेलं नाही. तो दुबळा आहे, एवढंच. आणि एका दुबळ्या माणसाचं ओझं बाईच्या आयुष्यावर किती पडतं, हे राक्षसाच्या गोष्टीपेक्षा जास्त अंगावर येतं.

'धग' मधून शिकायची आणखी एक गोष्ट म्हणजे भाषा. माणसं वऱ्हाडी बोलतात, आणि ते बोलणं चवीपुरतं, गंमत म्हणून घातलेलं नाही. राग, लाज, हिशेब, माया, सगळं त्याच बोलीत आहे. आता आपण काय करतो? बाई आपल्या बोलीत सांगते, आपण मनात तिचं प्रमाण मराठीत भाषांतर करतो आणि कागदावर लिहितो, 'पीडितेला मानसिक त्रास देण्यात आला.' 'पीडिता' हा शब्द कोणती बाई स्वतःसाठी वापरते? माझ्या कथेतली नायिका 'मी आता सहन करणार नाही' असं पुस्तकी वाक्य बोलली होती. खऱ्या बाईने त्या दिवशी काय केलं होतं? काही न बोलता तिने जेवणाचं ताट नवऱ्यासमोरून उचललं होतं आणि आत नेलं होतं. माझ्या वाक्यापेक्षा तिचं ताट किती तरी जास्त बोलत होतं. कान आणि डोळे उघडे ठेवायला मला शिबिरांनी शिकवलं. पण ऐकलेलं कागदावर तसंच कसं उतरवायचं, हे 'धग'ची दोन-तीन पानं हाताने उतरवून काढल्यावर कळायला लागलं. हो, शाळेत शुद्धलेखन काढायचो तसं. हात सावकाश चालतो, त्यामुळे डोळ्यांना जे सापडत नाही ते सापडतं. वाक्य कुठे तोडलंय, बोलणाऱ्याचं नाव कुठे गाळलंय, हे दिसतं.

तिसरं उदाहरण लांबचं आहे, पण आपल्या कामाचं आहे. शार्लट ब्राँटे या इंग्रज लेखिकेची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ सालची. तीत एक वेडी बाई माळ्यावरच्या खोलीत कोंडलेली आहे. ती नायकाची पहिली बायको, वेस्ट इंडीजहून आणलेली. तिच्याबद्दल बोलतो तिचा नवरा, ती स्वतः बोलत नाही. जीन ऱ्हीस ही लेखिका वेस्ट इंडीजमधल्याच डॉमिनिका बेटावर १८९० साली जन्मली. त्या माळ्यावरच्या बाईने तिची पाठ सोडली नाही. १९६६ साली तिने 'वाइड सारगॅसो सी' ही कादंबरी लिहून त्या बाईला बालपण दिलं, बेट दिलं, वेगळं नाव दिलं. वाचनातून लेखन कसं होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्याला आवडणाऱ्या पुस्तकातही विचारायचं, इथे कोणाला बोलू दिलेलं नाही? आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. यमूच्या गोष्टीत तिच्या जातीचं, तिच्या आळीतलं घर आहे. त्या घराची धुणी धुणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या बाईची गोष्ट तिथे नाही. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आलं, ते आत्मकथन आहे. पण कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकीने ते वाचावं. कोणाचं स्वयंपाकघर पुस्तकात येतं आणि कोणाची चूल बाहेर राहते, ते त्यातून लख्ख दिसतं.

जीन ऱ्हीसने आणखी एक गोष्ट केली आहे, आणि ती आपल्याला पचायला जड आहे. आपल्या कादंबरीतला मोठा मधला भाग तिने त्या नवऱ्याच्या तोंडून सांगितला आहे. ज्याने कोंडलं त्याच्या! पहिल्यांदा वाचताना मला राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तो स्वतःच्या तोंडाने जे सांगतो, त्यातूनच त्याचा लोभ, त्याची भीती, बायकोचं नाव बदलण्याची त्याची हौस उघडी पडते. लेखिकेला त्याच्यावर आरोपपत्र ठेवावं लागलेलं नाही. आपल्या गोष्टीतला नवरा दारू पिऊन येतो आणि मारतो, याच्यापलीकडे त्याला काही नसतं. अशा माणसाची ओळख वाचणाऱ्या पुरुषाला पटत नाही, कारण तो स्वतःला तसा समजत नाही. खालच्या आवाजात बोलणारा, बायकोला प्रेमाने अडवणारा माणूस लिहिला, तर मात्र वाचणारा जागच्या जागी चुळबुळ करू लागतो. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही. त्याला नीट बघा असं म्हणते.

आता शेवटचं पुस्तक, कविता महाजन यांची 'ब्र', २००५ सालची. ही तर आपल्याच घरची गोष्ट. १९९३ पासून त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. सरपंच झालेल्या बायकांचं पुढे काय झालं, यावर अहवाल भरपूर निघाले. 'ब्र' मधली प्रफुल्ला संस्थेचं काम करत आदिवासी भागात हिंडते आणि अशा बायकांना भेटते. तुमच्यापैकी अनेकींपुढे हाच पेच आहे. दहा गावच्या दहा बायकांच्या हकिगती आहेत, त्या एका गोष्टीत ओवायच्या कशा? या कादंबरीने प्रवासाचा दोरा घेतला आहे. पण नुसता दोरा पुरत नाही. विचारणारी बाईही त्यात आहे, स्वतःच्या मोडलेल्या संसारासकट, शंकांसकट. संस्थांचं काय चुकतं, तेही लपवलेलं नाही. आपण लिहितो तेव्हा आपण स्वतः कुठे असतो? बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात, सोडवायला आलेल्या ताई म्हणून. त्या ताईला कधी कंटाळा येत नाही, कधी तिचा सल्ला चुकत नाही. माझा सल्ला चुकलेला आहे. त्याबद्दल मी अजून लिहू शकलेले नाही, पण लिहिता येतं हे 'ब्र' ने दाखवलं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं ठीक, पण वाचायला वेळ कुठे आहे? मोर्चा, कोर्ट, बचत गटाची बैठक, त्यात घरचं. आणि बाई पुस्तक घेऊन आडवी झाली की घरातल्या सगळ्यांना त्याच क्षणी तहान लागते, हे मलाही माहीत आहे. चळवळीतही कादंबरी वाचणं हा चोचला समजणारे आहेत. त्यांना मी काशीबाई कानिटकरांची आठवण करून देते. १८६१ चा जन्म. शाळा नाही, लवकर लग्न. घरातल्या घरात वाचायला शिकल्या. वाचता वाचता लिहू लागल्या. डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं, 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. बाईच्या हातातलं पुस्तक हा तेव्हा घरादाराला खटकणारा प्रकार होता. आपल्याला ते आयतं मिळालंय. तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी असते. दिवसाला दहा पानं वाचली तरी तीनशे पानांची कादंबरी महिन्यात होते. आणि वर्षात बारा नकोत. दोनच वाचा, पण प्रत्येक दोनदा.

वाचून नक्कल होईल, आपला आवाज जाईल, ही भीतीही काही जणी बोलून दाखवतात. नक्कल पहिली काही पानं होते. होऊ द्यावी. भाकरी आईसारखी थापायला जातो आणि ती शेवटी आपल्या हाताचीच होते.

माझ्या त्या कथेचं पुढे काय झालं, हे राहिलं. मी ती पुन्हा लिहिली. सुरुवातच शेळ्यांपासून केली. भिशीचे पैसे, शेजारणीचा गोठा, नवऱ्याला दुधाचा वास येऊ नये म्हणून हात राखेने घासणं. मारहाण आहे, पण एकदाच आणि थोडक्यात. तिला ती वाचून दाखवली. मध्येच ती दोनदा हसली, एकदा उठून दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. शेवटी म्हणाली, "आता हाय मी ह्यात. पन काळी शेळी अशी न्हाई ओ वागायची, ती लई मानी व्हती." म्हणजे अजून एक खर्डा बाकी आहे. पहिल्या वेळी तिने मला माफ केलं होतं. या वेळी तिने माझ्या चुका काढल्या. मला त्याचा आनंद झाला. जिच्यावर आपण लिहितो ती आपल्या लिखाणातल्या चुका काढायला बसते, म्हणजे तिला ते आपलं वाटलेलं असतं.

तेव्हा आज दुपारचं काम. बाहेर टेबलावर आत्ता सांगितलेल्या चार मराठी पुस्तकांतली काही पानं ठेवली आहेत. दोघी-दोघींनी एक पान घ्यायचं. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने ऐकायचं. मग दोघींनी मिळून चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची. कोण सांगतंय? या पानावर किती वेळ जातो, एक क्षण की दहा वर्षं? कोणती गोष्ट लेखकाने मुद्दाम सांगितलेली नाही? आणि एखादी वस्तू अशी आहे का, की जी काढली तर पान कोसळेल? बरोबर-चूक काही नाही. भांडा, पण पानावर बोट ठेवून भांडा.

आणि रात्री झोपण्याआधी प्रत्येकीने एक पान लिहायचं. तुमच्या कामातली एक बाई आठवा. तिचं नाव-गाव बदला. तिच्यावर काय अन्याय झाला ते आज लिहू नका, ते आपल्याला येतं. तिचे ते बरे गेलेले सहा महिने लिहा. आठवत नसतील, तिला कधी विचारलेच नसतील, तर कागदावर तसंच लिहा आणि घरी गेल्यावर पहिल्यांदा तिच्याकडे जा. चहा घ्या आणि विचारा. उद्या सकाळी नऊ वाजता आपण ती पानं वाचू.